तिसरा हूं

ऐका. पन आधीच सांगते, आज माझ्या गोष्टीला कुनीबी हूं म्हनायचं न्हाई.

व्हय, मला ठावं हाय. गोष्ट म्हनली की ऐकनाऱ्यानं हूं द्यायचा असतो. सांगनारा सांगतो, ऐकनारा हूं म्हनतो, तवा गोष्ट फुडं सरकती. पन ह्या गोष्टीला हूं चालत न्हाई. का चालत न्हाई, ते कळंलच. मान हलवा, डोळं मोठं करा, भ्या वाटलं तर शेजारनीचा पदर धरा. पन तोंडातनं हूं काढलात, तर मी उठून आत झोपाय जाईन. मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

नंदे, तू अशी म्होरं ये. लाजू नगंस. आता तू नुसती घरातली सून न्हाईस, पंचायतीची मेंबर हायस. उद्या तुझी पयली मिटिंग. म्हनून तर आज ही गोष्ट काढली. आन् दत्तू, तुझी तंबाखू मागनं चोळ. तुझ्या चापट्या वाजल्या की माझी गोष्ट तुटती. साठीला आला तरी डबी सुटंना बघा ह्येची!

तर ऐका.

अल्याड गाव, निगुडगाव. पल्याड आपली वाडी, पल्याडवाडी. मधी ओढा. आता तुमी पुलावरनं भुर्रकन फटफटी घालता, खाली बघतबी न्हाई. तवा पूल न्हवता. वाट ओढ्यात उतरायची, दगडादगडावर पाय देत पल्याड जायची आन् चढायची. उन्हाळ्यात पानी घोट्याला. पन उताराच्या जरा खालच्या अंगाला डोह. काळा डोह. गावच्या हिरी तळाला जातील, पन डोह आटायचा न्हाई. आन् पावसाळ्यात? पावसाळ्यात ओढा असा फुगायचा की वाडी पल्याड आन् सारं जग अल्याड. दवाखाना अल्याड. शाळा अल्याड. मिठाचं दुकानबी अल्याड. मानूस आजारी पडला तर देवाचं नाव घ्या, न्हाईतर पान्यात उतरा. बरीच उतरली. समदी काय पल्याड पोचली न्हाईत.

आन् डोहात गिऱ्हा.

पान्यात बुडून मेलेल्याचं भूत म्हंजी गिऱ्हा. त्यो वाटंवर येतो, सोबत करतो, गोड बोलतो. ओळखीचा आवाज काढतो. आन् बोलता बोलता मानसाकडनं हूं म्हनून घेतो. आमच्या वाडीतली बारकी पोरंबी सांगायची, गिऱ्ह्याला तीन हूं लागत्यात. पयला हूं दिला, की तुझा कान त्येचा. दुसरा दिला, की पाय त्येचे. तिसरा दिला, की झालं. जीव त्येचा.

कळलं का आता, मी का बजावलं त्ये?

तर ह्या वाडीत येसबा नावाचा मेंबर व्हता. मानूस वाईट न्हवता हां. कुनाची म्हस अडली, येसबाला बोलवा. भावाभावात बांधावरनं जुंपली, येसबाला बोलवा. लगीन असू दे, मयत असू दे, येसबा फुडं. लाकडं फोडंल, पत्रावळ्या उचलंल, तिरडीला खांदा दील, रातभर जागंल. म्हनून वाडीनं त्येला बिनइरोध निवडून दिला. पन एक खोड. पंचायतीत जाऊन बसला, की तोंडाला कुलूप. सरपंचानं ठराव वाचायचा, ह्येनं मम म्हनायचं. मम तरी कुठलं, नुसता हूं. खडी गावातल्या रस्त्यावर टाकायची, काय येसबा? हूं. नळ आधी आमच्या आळीला, काय येसबा? हूं. चावडीला नवी भिंत, काय येसबा? हूं.

अवो, घाबरट न्हवता त्यो. त्येला वाटायचं, मोठ्या मानसाला तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? बरं दिसत न्हाई. पोटात न्हाई आन् व्हटावर हूं. तुमच्यात न्हाई कुनी असं? हसतायसा काय, समदेच तसले!

त्या साली तालुक्यानं गावाला एकच काम दिलं. पल्याडवाडीच्या ओढ्यावर साकव, म्हंजी बारका पूल, बांधा, न्हाईतर गावाच्या तोंडाला कमान बांधा. दोन्हीतलं एक. वाडी म्हनं साकव. आन् सरपंच? सरपंच भाऊसाहेब म्हनं कमान! वर त्येच्या बापाचं नाव. कैलासवासी आनंदराव प्रवेशद्वार! ठराव व्हायच्या आधीच घडीव दगड आनून चावडीफुडं रचलेलं, नावाची पाटीबी कोरून तयार. बाजारात तुरी आन् भट भटनीला मारी! म्हशी काय कमानीखालनं वाकून जानार व्हत्या?

त्याच टायमाला येसबाची लेक पयल्या बाळतपनाला म्हायेरी आलेली. बायजा तिचं नाव. एकुलती एक. डोहाळजेवान झालेलं, हातात हिरवा चुडा. दिवस भरायचे आषाढात. आषाढात! ओढा दोन्ही थडी लागलेला असताना! सुईन म्हनली, मूल आडवं वाटतंय, वक्ताला दवाखान्यात न्यावं लागंल. येसबाची बायको रोज इचारायची, "साकवाचं काय झालं?" येसबा म्हनायचा, "व्हईल." आन् बायजा नुसती बापाकडं बघायची. बापावर इस्वास हो, दुसरं काय.

मग एक दिस सकाळी ग्रामसभा ठरली. आन् आदल्या सांजंला सरपंचानं समद्या मेंबरांना मळ्यात जेवाय बोलावलं. तांबडा रस्सा, भाकरी. येसबा नवं कडक धोतार नेसून गेला, पांढरी टोपी घालून गेला. जेवनं झाली. सरपंचानं त्येच्या खांद्यावर हात टाकला.

"येसबा, उद्या कमानीचा ठराव हाय. हात वर करायचा, एवढंच. तुझ्या साकवाचं बघू फुडल्या साली."

येसबाच्या डोळ्यांम्होरं बायजा आली. गळ्यापातूर न्हाई आलं. पन पोटात सरपंचाचं मटन व्हतं.

"हूं," येसबा म्हनला.

सरपंच खूस. म्हनला, लेक गरवार हाय न्हवं, तिला रस्सा घिऊन जा. दिला डबा भरून. सरपंचाची म्हातारी आई चुलीपाशी बसलेली, तिनं राखंतनं कोळसा काढला आन् डब्याच्या झाकनावर ठिवला. रातच्याला मटन न्यायचं तर कोळसा पायजे, न्हाईतर वासावर भुतं येत्यात. येसबा निघाला. काळोख पडलेला, वर पुसट चांदनं. मळ्याच्या बांधावरनं खाली उतरला आन् बघतोय तर काय, कोळशाचा काळा डाग धोतराला! नव्या धोतराला! मेंबरचं धोतार! येसबानं कोळसा उचलला आन् दिला भिरकावून उसात.

दिला का न्हाई? अरारारा! डाग धुतला असता की रं सकाळी!

मग गाडीवाट सरली आन् बाभळीतली वाट लागली. पायतानांचा आवाज. चर्र, चर्र. आपलाच. येसबा चाललाय. डोक्यात बायकूचं तोंड. काय सांगू हिला? फुडल्या साली म्हनून सांगू? मूल फुडल्या सालापातूर थांबतंय व्हय? आन् मग त्येच्या ध्यानात आलं. पायतानांचा आवाज दोनदा येतोय. चर्र, चर्र. आन् मागनं, वल्ल्या पायाचा. चप्प, चप्प.

"कोन त्यो? मेंबर न्हवं?"

अंधारात मागनं आवाज आला. वाडीतलाच कुनीतरी असावा, असा. येसबाला बरं वाटलं. सोबत मिळाली.

"हूं," म्हनला.

गेला! एक गेला! कान त्येचा झाला!

त्या क्षनाला रातकिडं बंद. बाभळीतला वारा बंद. दुसरं कायबी ऐकू यीना, निस्ता त्यो मागचा आवाज. आन् त्यो अगदी कानात बोलायला लागला.

"जेवान झालं वाटतं, मेंबर. वास लई भारी सुटलाय. जरा तंबाखू द्या की."

येसबानं सवयीनं चंची काढली, मागं न बघताच हात मागं केला. त्या हातानं तंबाखू घेतली. हात कसा? आडातनं आताच काढलेल्या दोरासारखा. वल्ला, गार. येसबानं वळून बघायला मान फिरवली, तर मागं कुनी न्हाई. वाटंवर पान्याचे ठसे. पावलं उलटी. टाच फुडं, बोटं मागं.

आता बोला!

येसबा पळायला लागला. डबा खडखडतोय, धोतार पायात येतंय. त्येला ठावं हाय आता, कोन हाय त्ये. आन् मनाशी म्हनतोय, हूं म्हनायचा न्हाई. हूं म्हनायचा न्हाई. मरंन पन हूं म्हनायचा न्हाई. पळतोय. बाभळी सरल्या. ओढ्याचा उतार आला. दगडं दिसाय लागली. पल्याड वाडीतला दिवा दिसला. झालं, आलंच घर!

आन् मागनं खांद्यावर हात पडला. कोरडा, जड. भाऊसाहेबाचा हात. अंगठीसकट.

"अरं येसबा, पळतोस कशाला? किती हाका मारल्या. तर मग उद्या कमानच, काय येसबा?"

ऐका, मंडळी. भुताला हूं म्हनायचा न्हाई, येवढं येसबाच्या ध्यानात व्हतं. पन हे भूत कुठं व्हतं? ह्यो तर सरपंच! आन् सरपंचानं "काय येसबा" म्हनलं, की त्येची जीभ त्येच्या ताब्यात ऱ्हायचीच न्हाई. बैलाला चक म्हनलं की त्यो थांबतो, तसं.

"हूं," येसबा म्हनला.

दुसरा!

आन् पाय वळलं. येसबाचं न्हवं, आता त्येचं पाय. दगडांवरनं सरळ जायच्या जागी डावीकडं वळलं. खाली. डोहाकडं. येसबा म्हनतोय, थांबा. पाय चाललेत. येसबानं बाभळीची फांदी धरली. काटं हातात घुसलं, फांदी तुटली, पाय चाललेत. घोट्याला पानी. गुडघ्याला पानी. कमरंला पानी. डबा गेला हातातनं, डुबुक करून. कुनीतरी खाली त्येच्यावर तुटून पडलं, पान्यात नुसती खळबळ!

मग छातीला पानी आलं आन् पाय थांबलं. आन् येसबानं बघितलं.

दत्तू, चोळायचं बंद कर म्हनलं न्हवं!

डोहाच्या तळाला उजेड व्हता. शेवाळाच्या रंगाचा. आन् तिथं सभा भरल्याली! व्हय, सभा. आपल्यासारखीच. मांडी घालून, गोल करून, मानसं बसल्याली. पांढरं डोळं, पापन्या हालत न्हाईत, केसं पान्यावर तरंगत्यात. आन् येसबा एकेकाला वळकतोय. ह्यो कावडीवाला दाजी, दळान आनाय गेलेला. ही म्हसरांमागची म्हातारी. ह्यो बाशिंग बांधलेला नवरदेव, लग्नालाच न्हाई पोचला. समदी वाडीचीच. ह्यांच्या तिरडीला खांदा त्येनंच दिलेला. आन् फुडल्या वळीत एक बारकी पोर. पोटाशी दप्तर धरलेलं. शाळंतनं येताना ज्या साली ती गेली, त्या सालीच पंचायतीत चावडीच्या भिंतीचा ठराव झाला व्हता. येसबानं हूं म्हनलेला.

ती पोर त्येच्याकडं बघत व्हती. रागानं न्हाई. वळखीनं बघत व्हती. त्ये त्येला सोसंना. भुतापरीस त्ये जास्त लागलं.

मधी गिऱ्हा बसलेला. डोस्क्यावर वल्ली पांढरी टोपी. सरपंचाच्या तोऱ्यात.

"या मेंबर, या," म्हनला. "तुमचीच वाट बघत व्हतो. सभेला कोरम एकानं कमी पडतोय बघा. बसा. ही तुमची जागा."

एक सपाट दगड मोकळा व्हता. आन् त्येच्या शेजारी आनखी एक. बारका. त्येच्यावर हिरव्या बांगड्या ठिवल्या व्हत्या. चुडा. नवा.

"ह्यो कुनाचा?" येसबाच्या तोंडातनं निघालं.

"तुमच्या बायजाचा की!" गिऱ्हा हसला. "आषाढात येनार हाय न्हवं ती. दोघं येनार. मी जागा धरून ठिवलीय. तुमी काय काळजी करू नगा. साकव झाला असता तर मातर आमची पंचाईत व्हती. वरनं मानसं जायची, खाली आमी उपाशी. पन तुमी हायसा आमच्या बाजूचं."

मग त्येनं गळा साफ केला आन् ठराव वाचला. कसा वाचला? अस्सल पंचायतीत वाचत्यात तसा.

"पल्याडवाडीच्या ओढ्यावर साकव बांधू नये, असा ठराव मांडण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर समजावा काय?"

समदी बुडालेली मानसं एका सुरात म्हनली, "हूं."

पान्यातनं बुडबुडं वर आलं. डोह हालला.

"आता तुमी, मेंबर. तुमचा एकच ऱ्हायलाय. काय येसबा?"

काय येसबा! त्येच शब्द! जीभ उचलली. व्हट मिटलं. हूं गळ्यापातूर आला. अर्धा आला! येसबानं दोन्ही हातांनी सोताचा गळा धरला. न्हाई म्हनायचं व्हतं त्येला. पन जन्मात कधी म्हनलं असंल तर ना! गंजलेल्या कुलपाची किल्ली, ती लगीच कुठं फिरती? "न..." म्हनला. "न... न..." समदा डोह खदखदून हसला. "बघा, मेंबरला बोलता यीना!" पानी गळ्याला आलं. हनुवटीला आलं. आन् त्या बारक्या दगडावरच्या बांगड्या किनकिन वाजल्या. बायजाच्या हातात वाजत्यात, अगदी तशा.

मग काय झालं ठावं हाय? येसबाला राग आला. भ्या गेलं आन् राग आला. जन्मभर गिळलेले समदे न्हाई एकदम वर आले.

"न्हाई!"

पानी थरारलं.

"न्हाई म्हनतोय मी! माझा इरोध हाय! लिवून घ्या! पयला माझा, मग माझ्या लेकीचा, मग तिच्या पोटातल्याचा! ही दप्तरवाली पोर कुनी इचारून आनली? तिला तोंड असतं तर तीबी न्हाई म्हनली असती! ठराव नामंजूर! न्हाई, न्हाई, न्हाई!"

गिऱ्ह्याच्या डोस्क्यावरची टोपी गळाली. खाली केसच केस, शेवाळ नुसतं. "सभेत असं बोलायचं नस्तं, येसबा!" असं किंचाळला. आन् फुडल्या वळीतली ती पोर उठली. दप्तर छातीशी धरून उभी ऱ्हायली. बारक्या आवाजात म्हनली, "न्हाई." मग म्हातारी उठली. मग दाजी. मग नवरदेव. समदा डोह, न्हाई न्हाई! अशी सभा उधळली म्हनता! गिऱ्हा ह्येला बसवतोय, त्यो उठतोय, त्येला बसवतोय, ही उठती. आन् त्या गोंधळात येसबाला कळलं, पाय आपलं हायत. आपलं पाय!

मारली उडी. दगड धरला, सटकला. मूळ धरलं, वर आला. पल्याडच्या थडीला लागला. टोपी गेलेली, धोतार फाटलेलं, डाग कुठला आन् काय कुठला! सुटला वाडीकडं.

मागनं आवाज सुटलेच. पयल्यांदा सरपंचाचा, "अरं येसबा, कमान..." येसबा म्हनला, न्हाई! मग मेलेल्या आईचा, "येसू, दमलास व्हय रं?" डोळ्यांत पानी आलं बिचाऱ्याच्या, पन म्हनला, न्हाई! आन् दारात पोचला. दारात बायजा कंदील घिऊन उभी. आन् फुडनं बायजाचा आवाज आला, "आबा, आलासा व्हय?" आन् त्याच वक्ताला मागनं, अंधारातनं, त्योच आवाज, तस्साच लाडाचा, "आबा, आलासा व्हय?"

आता कुनाला हूं म्हनायचा? खरी कोन, खोटी कोन? येसबानं इचारच केला न्हाई. उंबऱ्यावर पाय ठिवला आन् वाडी जागी व्हईल असा वरडला,

"न्हाई! आलो न्हाई!"

बायजा आधी घाबरली. मग हसली. दारात उभा ऱ्हाऊन बाप सांगतोय, आलो न्हाई! मागं अंधारात कायतरी चप्प, चप्प करत डोहाकडं परत गेलं.

बस, रात सरली. येसबा न्हाईबिगार दुसरं कायच बोलंना. बायको म्हनली, च्या घेता? म्हनला, न्हाई. निजता? न्हाई. उजाडलं तसा उठला आन् वाडीतल्या बायाबापड्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरातनं वडून काढलं. चला सभेला.

चावडीफुडं सभा भरली. सरपंच खुर्चीत. ग्रामसेवकानं ठराव वाचला. कैलासवासी आनंदराव प्रवेशद्वार. सर्वानुमते मंजूर समजावा काय? एक मेंबर, हूं. दुसरा मेंबर, हूं. तिसरा, हूं. सरपंचानं बघितलंबी न्हाई, नुसतं म्हनला, "काय येसबा?"

"न्हाई."

सरपंचाला वाटलं चुकून ऐकलं.

"काय म्हनलास?"

"न्हाई म्हनलो. आमाला साकव पायजे."

सरपंच लालबुंद. "येसबा, काल रातच्याला माझं मीठ खाल्लंस तू!"

"खाल्लं की. रश्शात मीठ तुमचं व्हतं, भाऊसाहेब. पन पानी आमच्या ओढ्याचं व्हतं." येसबा उठून उभा ऱ्हायला. "ऐका. काल मी दुसऱ्या एका सभेला, डोहातल्या, जाऊन आलोय. तिथंबी समदं सर्वानुमतेच चालतं. तिथं दोन जागा रिकाम्या हायत, एक माझी, एक माझ्या लेकीची. ज्याला कमान पायजे, त्येनं आज रातच्याला ओढ्यातनं पल्याड यायचं आन् त्यातल्या एका जागेवर बसून दाखवायचं. मग मी सोता कमानीचा दगड उचलतो. कोन येतंय? हात वर करा."

कुनाचा हात वर व्हनार? मघाशी हूं म्हनलेले मेंबर पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. मग वाडीतली एक म्हातारी उठली. त्या दप्तरवाल्या पोरीची आज्जी. ती जन्मात सभेत बोलली न्हवती. म्हनली, "माझंबी न्हाई." मग दुसरी. मग गावातलीबी चार मानसं. मग पयला हूं म्हनलेला मेंबर म्हनला, "माझं... माझंबी न्हाई धरा." सरपंच खुर्चीवरनं उठून गेला. खुर्ची उलटी पडली, ती कुनी उचललीबी न्हाई.

ठराव साकवाचा झाला. पन सरकारी काम, सहा महिनं थांब. आषाढ कुठं थांबतोय? वाडी म्हनली, सरकार कवा यायचं तवा यील. आन् समदी तशीच चावडीफुडं गेली आन् कमानीचं घडीव दगड बैलगाड्यांत भरलं. भाऊसाहेब माडीवरनं वरडत व्हता. कुनी वर बघितलं न्हाई. त्या दगडांचं पाये केलं, वर ऐनाची लाकडं टाकली, साकव उभा. नंतर पक्का पूल झाला, पन पाये तेच. आजबी उन्हाळ्यात खाली वाकून बघा, मधल्या पायात कैलासवासी आनंदराव उलटा बसवलेला हाय. पाऊस आला की बिचाऱ्याच्या नाकातोंडात पानी जातंय.

आन् आषाढात, ओढा दोन्ही थडी लागलेला असताना, बायजाला घोंगड्याच्या झोळीत घालून त्या साकवावरनं नेलं. झोळीचा एक दांडा येसबाच्या खांद्यावर. खालनं डोहातनं आवाज आला, "काय येसबा?" येसबानं खाली बघून पान्यात पिचकारी टाकली. बायजा बाळतीन झाली. मुलगा. आडवा व्हता, पन आला. आडमुठा तवापासनं.

तर मंडळी, ऐका आता शेवटचं. पुलावरनं जावा, खुशाल जावा. पन पुलाच्या खालनं, बाभळीतनं जी जुनी वाट डोहाकडं उतरती, त्या वाटंनं जाऊ नगा. दिवसाबी नगं, रातीबी नगं. ती सभा अजून भरती. कोरम अजून एकानं कमी हाय. येसबाची जागा रिकामीच ऱ्हायली. त्यो म्हातारा होऊन आपल्या घरात, आपल्या अंथरुनावर गेला. आन् शेजारचा बारका दगड? त्येच्यावर त्यो चुडा अजून वाजतोय म्हनं.

तुमी समदी मला आज्जी म्हनता. माझं नाव ठावं हाय का कुनाला? न्हाई ना? दत्तू, तू सांग. आईचं नाव सांगाय लाजतोस काय? जरा मोठ्यानं. हां. बायजा.

बापाला अरं-तुरं करून गोष्ट सांगितली. मी आबा म्हनून सांगितली असती तर तुमी रडकी तोंडं करून ऐकली असती, आन् मला त्ये नगं व्हतं. आबा हसत हसत सांगायचे ही गोष्ट. आन् आडवा आलेला त्यो हा बसलाय, तंबाखू चोळत. त्या बारक्या दगडावर आमी दोघं बसनार व्हतो. आमी बसलो न्हाई. बसनारबी न्हाई. त्यो गिऱ्हा मरस्तोवर माझी वाट बघू दे!

म्हनून सांगते, नंदे. उद्या तुला कुनीतरी म्हनंल, काय नंदाताई? पटलं तर मोठ्यानं व्हय म्हन. न्हाई पटलं, तर त्याच्यापरीस मोठ्यानं न्हाई म्हन. पन हूं म्हनू नगंस. हूं ह्यो ना व्हय असतो, ना न्हाई. त्यो नुसता बुडबुडा. आलं ध्यानात?

अगं, हूं काय म्हनतीस, भवाने! उठा समदी. मी चालले झोपाय.